बादली वाचणारी मालूबाय

रोडपालीच्या मालूबायला अक्षर वाचता येत नसे, पण बादली वाचता यायची. आता हे वाचन कसलं, ते ऐका. सकाळी सातच्या सुमाराला ती नवी मुंबईच्या सेक्टरातल्या एका चार मजली सोसायटीत शिरायची, खरकट्याची बादली घेऊन लिफ्टमध्ये जायला वॉचमनची मनाई, म्हणून जिन्यानं थेट चौथ्या मजल्यावर चढायची, आणि मग एकेक मजला उतरत दारादारांपुढच्या छोट्या बादल्या आपल्या मोठ्या बादलीत उपड्या करायची. उपडी करताना एक नजर आत टाकायची. तेवढ्या नजरेत अख्खं घर कळायचं.

दुसऱ्या मजल्यावर एक बाई होती, बटाट्याची सालं बोटभर जाड काढायची. एका सकाळी तीच सालं कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ निघाली. मालूबायनं दारातच विचारलं, सासू आली काय गो गावावरना? बाईच्या हातातली दुधाची पिशवी पडायची बाकी राहिली. सासू आदल्या संध्याकाळीच कोल्हापूरहून आली होती आणि रात्रीची भाजी चिरायला बसली होती. शेजारच्या दारात कधी कधी भातवरणाचं पातेलंच्या पातेलं जसंच्या तसं ओतलेलं असायचं, वरची फोडणीसुद्धा मोडलेली नसायची. मालूबाय समजायची की रात्री नवराबायको न जेवता निजलेत. त्या दिवशी ती तिथली बादली आवाज न करता ठेवायची, दोन दिवस बेल वाजवायची नाही. तिसऱ्या दिवशी बादलीत दोन कप चहाचा चोथा दिसला की हिच्या जिवाला बरं वाटायचं. जसं काही तिच्याच लेकासुनेचं भांडण मिटलंय.

आणि हे सगळं खरकटं जायचं कुठं? तर चांदीकडे. चांदी म्हणजे तिची म्हैस. कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका, म्हणून चांदी. एकदा पाण्याची मोठी लाइन फुटून बसस्टॉपपाशी डबकं झालं, तर ही चांदीबाई भर सकाळी जाऊन त्यात बसली. बस थांबली, रिक्षा थांबल्या, ऑफिसला निघालेली माणसं फोन काढून फोटो घ्यायला लागली, ड्रायव्हरनं हॉर्न वाजवून वाजवून दमवलं स्वतःला. चांदी ढिम्म. शेवटी मालूबाय आली, कानात काहीतरी बोलली, आणि म्हैस उठून तिच्यामागून चालू लागली. काय बोलली असं लोकांनी विचारलं, तर म्हणाली, घरी पोल्या हायत म्हनून सांगितलं.

मालूबाय मूळची उरणकडची. आईबाप मिठागरावर कामाला. लहानपणी बांधावर बसून जेवायचं, पायाला खारं पाणी चावायचं, आणि मिठाचे ढीग उन्हात असे लखलखायचे की घास तोंडात घालताना डोळे मिटावे लागायचे. लग्न होऊन रोडपालीला आली ती विठूच्या घरी. विठूची भातशेती होती. शेतावर सेक्टर आले, सेक्टरांवर इमारती आल्या, आणि ज्या सोसायटीत मालूबाय बादली घेऊन चढायची तिच्या पार्किंगच्या जागी एके काळी तिनं स्वतः लावणी केलेली. हे ती कुणाला सांगत नसे. सांगून काय, गाड्या थोड्याच हलणार होत्या? विठू जाऊनही अकरा वर्षं झाली. राहिलं होतं ते गावठाणातलं घर, मागचा गोठा आणि गोठ्यात चांदी.

गोठ्यावर मुलाचा, दीपेशचा, डोळा होता. मुलगा वाईट नव्हता हो. कंटेनर यार्डात राबायचा, आईला औषधाचं काही कमी पडू द्यायचा नाही. पण त्याला दोन पोरं, घर अपुरं, आणि गोठा पाडला तर भाड्याच्या दोन खोल्या निघत होत्या. शेत नाही म्हणजे पेंढा नाही, चरायला गवत नाही. विकतच्या चाऱ्यावर म्हैस ठेवायची त्याची ऐपतही नव्हती आणि मनही नव्हतं. एक दिवस मायलेकांचं बोलणं झालं आणि त्यानं सरळ सांगून टाकलं.

"आये, तुज्या बादल्यांवर जगते तवर जगू दे चांदी. मी काय बोलनार नाय. पन बादली रिकामी झाली तर म्हैस गोठ्यात ऱ्हायची नाय. मग रडू नको."

मालूबायनं हे हसत कबूल केलं. बत्तीस घरं. रोज दोन मोठ्या बादल्या भरून वर उतू जायच्या. लोक जेवायचे थांबतील, का मटारच्या शेंगा सालासकट गिळायला लागतील? घरी आणून ती सगळं निवडायची. लिंबाची टरफलं, प्लास्टिक, हाडकं बाजूला. भात मूठभरच घालायचा, शिजवलेला भात जास्त पोटात गेला की म्हशीचं पोट फुगतं. उरलेला भात पत्र्यावर वाळवायचा. पोळ्या पाण्यात भिजवून. चांदी चवीनं खायची आणि मालूबाय समोर बसून कुठल्या घरचा घास चालला आहे ते तिला सांगायची.

ह्या बत्तीस घरांत सगळ्यात भरलेली बादली चौथ्या मजल्यावर डाव्या हाताची. मितालीची. मिताली कराडकडची, नोकरीला बेलापूरला. नवरा सत्यजीत तळोज्याला कंपनीत. आर्यन सात वर्षांचा आणि ओवी चार. पहाटे पाचला उठून ही पोरगी चौघांचे डबे करायची. पोरं एक नाही खाणार तर दुसरं खातील म्हणून रोज तीन तीन प्रकार. पोळीचे रोल, सफरचंदाच्या फोडी, उपमा, कधी पराठे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातलं निम्म्याहून जास्त बादलीत. चांदीची चैन होती नुसती.

पण एकदा आठ दिवस मालूबाय त्या बादलीपुढे जरा जास्त वेळ थांबायला लागली. रोलला दातांच्या खुणा होत्या, पण समोरून नव्हत्या, कडेनं. एकच चावा आणि मग सोडून दिलेलं. पराठ्याचं तेच. सफरचंदाला तर नुसता ओरखडा. नवव्या दिवशी एका फोडीवर लालसर ठिपका दिसला. मालूबाय बादली हातात घेऊन उभी राहिली. न बोलता खाली उतरली असती तर चांदीचं रोजचं सुखानं चाललं असतं. पण पोर उपाशी शाळेत बसतंय हे दिसल्यावर हिला कुठलं राहवतंय. तिनं बेल दाबली.

मिताली दारात आली ती एका हातात कंगवा आणि तोंडात हेअरपिन अशी. मालूबायनं विचारलं, "बाय, पोराचा दात हलतो काय?"

"आर्यनचा? नाही हो मावशी. का?"

"तोंड उघडून बघ जरा."

उघडलं, तर वरचे दोन्ही पुढचे दात लोंबकळत होते आणि हिरडी सुजली होती. पोरानं सांगितलं नव्हतं, कारण वर्गातल्या कुणीतरी त्याला पक्कं समजावलं होतं की दात हलतो असं सांगितलं की डॉक्टर सगळेच दात काढून टाकतात. आणि मिताली गेले दोन आठवडे त्याला खाण्यावरून ओरडत होती. नखरे करतोस, बाहेरचं पाहिजे तुला, असं कायकाय. ती तिथंच चपलांच्या स्टँडवर बसली. ऑफिसची बस तिनं त्या दिवशी सोडून दिली. तुम्हाला कसं कळलं, असं तिनं विचारलं तेव्हा मालूबायनं बादली तिच्यापुढे केली आणि एकेक चावा दाखवला. आपण रोज काय फेकतो, हे त्या मुलीनं त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं.

पुढच्या रविवारी मितालीनं तिला घरात जेवायला बोलावलं. मालूबाय जेवली थोडं, पाहत बसली जास्त. ओवीपुढे भलं मोठं खणांचं ताट, प्रत्येक खणात वेगळा ढीग. पोरगी ताटाकडे बघायची आणि खुर्चीतून घसरायची. मिताली घास घेऊन मागे, सत्यजीत मोबाइलवर गाणं लावून पुढे. वरात निघाल्यासारखं सगळं.

मालूबायनं हात धुतले. ओवीला जवळ घेऊन तळहात पुढे करायला सांगितला. त्यावर सुपारीएवढा भात, बोटभर वरण, मिठाचा एक कण. मिठागरावर ताटं कुठली आणायची, पोरं बांधावर अशीच हातावर जेवायची. ओवीनं हात चाटून पुसून साफ केला आणि पुन्हा पुढे केला. पुन्हा सुपारीएवढा भात. असं सात वेळा झालं, मग मालूबायनं मुद्दाम हात आखडता घेतला आणि इकडेतिकडे बघायला लागली.

"अजून," ओवी म्हणाली.

चार वर्षांत हा शब्द त्या घरात कुणी ऐकला नव्हता. सत्यजीतनं गाणं बंद केलं. मिताली उठून ओट्याकडे गेली आणि नळ सोडून उगाच एक स्वच्छ भांडं घासत राहिली.

मग मालूबायनं तिला तिच्याच बादलीतून शिकवलं. थोरलं पोर पोळीचा काठ सोडतं, म्हणजे काठ कडक राहतोय, पोळी लहान लाट. ऑफिसातून आल्यावर सहा वाजता दूध-बिस्किट देतेस म्हणून आठ वाजता भात उरतो. आणि तू भात घेतेस तो कराडच्या नऊ माणसांच्या हातानं घेतेस बाय, इथं चारच हायत. हे शेवटचं मितालीला फार लागलं, कारण खरंच तिच्या आईची मूठ तिच्या हातात जशीच्या तशी आली होती. मोजायचं भांडं होतं, पण मोजून झाल्यावर वर एक मूठ टाकल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

तीन आठवड्यांत त्या घरच्या बादलीत सालं आणि चहाचा चोथा, एवढंच उरलं. उचलताना मालूबायच्या हाताला ते कळायचं. पण एकतीस घरं होती की. आणि आर्यन जिन्यात भेटला की रिकामा डबा उघडून तिला दाखवायचा, ते बघून ती खूश व्हायची आणि खाली उतरून चांदीला सांगायची की आज चौथ्या मजल्याचा उपास.

इथवर थांबलं असतं तर ही गोष्ट हसत सांगून संपवता आली असती. पण मितालीचा ऊर भरून आला होता. तिनं सोसायटीच्या ग्रुपवर रिकाम्या डब्याचा फोटो टाकला, मालूमावशींची सगळी हकिकत लिहिली. पोरं असलेल्या घरांतून विचारणा सुरू झाली. सेक्रेटरी होत्या नीताताई. बाई हुशार, बोलायला गोड, काहीतरी नवं करायची हौस. जानेवारीतलं हळदीकुंकू जवळ आलं होतं. त्यांनी ठरवलं, यंदाचा विषय घरातल्या अन्नाची नासाडी, आणि पाहुण्या मालूमावशी.

मालूबायनं आधी नाही म्हटलं. विठू गेल्यापासून ती अशा ठिकाणी गेली नव्हती, कुणी बोलावलंही नव्हतं. मितालीनं सांगितलं की आमच्याकडे आता सगळ्यांनाच बोलावतात, असलं काही मानत नाहीत. सुनेनं, निशानं, ट्रंकेतलं जांभळं लुगडं काढून दिलं. हॉलमध्ये गेल्यावर नीताताईंनी स्वतः पुढे होऊन तिच्या कपाळाला हळदकुंकू लावलं. अकरा वर्षांनी. वाण म्हणून घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा मिळाला, तो तिनं छातीशी धरला. तिळगूळ झाला, नीताताईंचं अन्नाबद्दल छान भाषण झालं, आणि मग मालूबायच्या हातात माइक दिला.

आता ह्या बाईच्या मनात काय होतं ते नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तिच्या लेखी बादली भरून देणारं घर म्हणजे मोठ्या मनाचं घर. ज्याची बादली जड, त्याचे उपकार जास्त. वाया घालवणं वगैरे तिनं कधी म्हटलंच नव्हतं. पोरं जेवत नव्हती म्हणून ती मितालीकडे बोलली होती, अन्न फेकलं म्हणून नव्हे. इतक्या बायकांनी इतका मान दिला, तर त्यांचे आभार मानायला नकोत? आणि आभार मानायचे तर नाव घेऊन मानायला हवेत.

"मना बोलता येत नाय," ती म्हणाली. "पन तुमच्यावर माजी म्हैस जगते. ह्या नीताबाय, ह्या सगल्यांत मोठ्या मनाच्या. यांच्या बादलीत नुसती सालं कदी नसतात, भरलेलं जेवन असतं. सोमवारी पावाचे दोन दोन पुडे, फोडलेले बी नाय. फ्लावरचा गड्डा आख्खा. मागं एकदा पनीर दिला, पिशवीसकट. माजी चांदी सोमवारची वाट बगते."

एकदोघी हसल्या. नीताताईही हसल्या, पण त्यांचं हसू पुढे सरकलं नाही. मालूबायला वाटलं आवडतंय सगळ्यांना. ती बोलता बोलता तिसऱ्या मजल्यावर उतरली.

"आनी तिसऱ्या मजल्यावरचे ते जाडे साहेब. त्यांची मंडली त्यांना रोज मोड आलेली कडधान्यं देते. तो बिचारा स्वता नाय खात. कागदात गुंडालतो आनी सालांच्या खाली लपवून चांदीला ठेवतो. कुनाला सांगत बी नाय. असं गुप्तदान कोन करतं आजकाल?"

आता मात्र हॉल फुटला हसून. ज्या बाईचा तो नवरा, तिचं तोंड तेवढं पांढरं पडलं. पोट कमी व्हावं म्हणून आठ महिने ती पहाटे उठून मोड आणत होती. मालूबाय तशीच दुसरा मजला, पहिला मजला करत गेली. कुणाकडच्या पुरणपोळ्या, कुणाकडचा वाढदिवसाचा केक, कुठल्या घरी पोरांसाठी पोळ्या चार होतात आणि साडेतीन चांदीला पोचतात. एकही घर सोडलं नाही, कुणाला वाईट वाटू नये म्हणून. हसू कधी थांबलं ते तिच्या लक्षात आलं नाही. मिताली पहिल्या रांगेत बसून खुर्चीचा हात घट्ट धरून होती. उठून तिचा पदर ओढावा असं तिला दहा वेळा वाटलं. उठवलं नाही.

"असंच देत ऱ्हावा गो बायांनो," असं म्हणून मालूबायनं हात जोडले.

नीताताईंनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी. मावशींनी आपल्याला आरसाच दाखवला, असं त्या माइकवर म्हणाल्या. मालूबाय घरी गेली ती उजळलेल्या तोंडानं. निशाला तीन वेळा सांगितलं, चांदीला किती वेळा ते मोजलं नाही कुणी.

कुणी तिला एका शब्दानं बोललं नाही, हे आधी सांगायला हवं. दुसऱ्या दिवशी बादल्या दारांत होत्याच. फक्त आतलं खरकटं काळ्या पिशव्यांत बांधलेलं होतं, गाठी अशा मारलेल्या की नखानं सुटत नव्हत्या. आठवड्याभरात निम्म्या दारांपुढच्या बादल्या आत गेल्या. आणि जे येत होतं ते खरोखरच कमी व्हायला लागलं. नीताताईंनी मनावर घेतलं होतं. पोरांना हातावर वाढायचं, भांड्यानं मोजून भात घ्यायचा, वर मूठ टाकायची नाही, सगळं मालूबायचंच, एका कागदावर सुंदर अक्षरात लिहून लिफ्टशेजारी चिकटवलं. घराघरातली पोरं तळहात पुढे करून ‘अजून’ म्हणायला लागली. मग पंपाच्या खोलीमागे खताचा ड्रम आला, मोठा, हिरवा, फिरवायचा दांडा असलेला. ओला कचरा सगळा त्यात. बादल्या दारात ठेवायची पद्धत बंद.

मितालीनं ग्रुपवर लिहून पाहिलं की निदान सालं तरी मावशींना देऊ या. उत्तर आलं की ड्रमला ठरावीक ओला कचरा लागतोच, आणि शिवाय हा प्रत्येकाच्या प्रायव्हसीचा प्रश्न आहे. त्याखाली पंधरा अंगठे उमटले. मग तिनं स्वतः चार पोळ्या जास्तीच्या लाटल्या आणि ऑफिसला जाता जाता गोठ्यावर घेऊन आली. मालूबायनं त्या परत दिल्या.

"म्हशीसाठी पोल्या लाटायला लागलीस तर ती म्हैस कुठली, बाय? ती पावनी झाली. पावन्याला कोन किती दिवस ठेवतं?"

मितालीला रडू आलं. माझ्यामुळे झालं असं ती म्हणायला लागली, तर मालूबायनंच तिची समजूत घातली. तुझी पोरं जेवतात ना, मग झालं, असं म्हणाली. पण समजूत घालताना तिचं लक्ष चांदीच्या बरगड्यांकडे होतं.

तिनं हातपाय हलवले नाहीत असं नाही. भाजीबाजारात गेली, तर तिथला पाला आधीच एका शेळीवाल्यानं बांधून घेतलेला. रसाच्या गाड्यांवरून उसाची चिपाडं आणली, त्यानं चांदीचं तोंड सोललं. लहानपणी मिठागराच्या काठच्या तिवरांचा पाला गुरांना घालायचे ते आठवलं, म्हणून कोयती घेऊन खाडीकडे गेली, तर खाकी कपड्यातल्या माणसानं अडवलं. तिवरं तोडायला बंदी आहे आजी, केस होईल, असं त्यानं समजावलं. माणूस चांगला होता, तिला कोयतीसकट रस्त्यापर्यंत सोडून आला. दुसऱ्या सोसायट्यांत विचारलं, तर तिथं कचऱ्याचा गाडीवाला येतो, आत सोडत नाहीत. दूध आटत आटत चहापुरतं राहिलं.

दीपेश रोज संध्याकाळी येऊन गोठ्याशी ठेवलेल्या बादलीत डोकावायचा आणि आत जायचा. पंधरा दिवस त्यानं असं केलं. शब्द त्याचाच होता, आणि पाळायचं मनात येत नव्हतं. शेवटी एका दुपारी म्हणाला, "आये, आता ती उपाशी मरते. ही काय माया नाय."

आपट्याला निशाचा एक मामा होता, पाताळगंगेच्या काठाला घर, गवत भरपूर. त्याच्याकडे द्यायचं ठरलं. टेम्पो दुपारी आला. गल्लीतली माणसं जमली, कारण चांदी हट्टी, चढायची नाही, तमाशा होईल असं सगळ्यांना वाटत होतं. टेम्पोवाल्यानं फळीवर हिरव्या गवताची एक पेंढी टाकली. चांदी तिच्यामागे सरळ चढून गेली, एकदाही मागे वळून न बघता. भुकेलं जनावर हट्ट करत नाही. मालूबाय दारात उभी होती. टेम्पो गेल्यावर तिनं गोठा झाडला, शेण काढलं, पाणी मारलं. त्या गोठ्याचं आता काय होणार हे माहीत असून रोजच्यासारखाच स्वच्छ केला.

महिन्यानं ती आपट्याला गेली. मामानं मानानं बसवलं, चहा केला, आणि मान खाली घालून सांगितलं की म्हैस दूध देईना, गाभण राहायचं वयही गेलेलं, त्यामुळे व्यापारी आला त्याला दिली. कुठं नेली ते विचारलं नव्हतं त्यानं. मालूबायनंही विचारलं नाही. म्हाताऱ्या म्हशी कुठं जातात हे तिला कुणी शिकवायला नको होतं. चहा संपवला, कपबशी विसळून ठेवली, आणि संध्याकाळच्या आत घरी आली. घरी सांगितलं, बरी हाय.

गोठा पडला, खोल्या उठल्या. मालूबाय दिवसभर ओटीवर बसून राहायची. हे मितालीला बघवेना. तिनं नीताताईंना गाठलं आणि मालूबायला ड्रमचं काम मिळवून दिलं. रोज सकाळी यायचं, ओला कचरा आत टाकायचा, वर कचरा कुजवायची भुकटी भुरभुरायची आणि दांडा धरून ड्रम वीस वेळा फिरवायचा. दीपेशला लाज वाटली, पण आई निदान घराबाहेर पडते म्हणून तो गप्प बसला.

ती यायची वेळेवर. कचऱ्याच्या डब्यात मटारच्या शेंगांची सालं असायची, ताजी, हिरवीगार. कोबीची पानं असायची. पहिले काही दिवस तिचा हात घालताना थांबायचा, ड्रमच्या तोंडाशी सालं धरून ती नुसती उभी राहायची. मग वॉचमन बघतोय असं वाटून टाकून द्यायची आणि दांडा फिरवायची. आत सगळं तापून, काळं होऊन, आठपंधरा दिवसांत मातीसारखं व्हायचं. ती माती गेटपाशी शोभेच्या कुंड्यांत घालायचे. एक दिवस ओवीनं विचारलं की म्हैस आता काय खाते. गवत खाते गो, असं सांगून मालूबायनं तिला शाळेच्या बसकडे पिटाळलं.

बादल्या वाचायचं तिनं सोडलं होतं. वाचण्यासारखं काही राहिलंही नव्हतं, बत्तीस घरांचं सगळं एकत्र यायचं, कुणाचं काय ते कळायचं नाही. आणि ते येणंही महिन्यामहिन्याला घटत चाललं. लोक खरंच सुधारले होते. पोरं ताट, नाही नाही, हात चाटूनपुसून खात होती. डबे रिकामे परत येत होते. पूर्वी जो ड्रम चार दिवसांत गळ्यापर्यंत भरायचा, तो आता आठवड्याला अर्धा.

एका सकाळी नीताताई स्वतः खाली आल्या. अगदी आनंदानं फुलल्या होत्या. त्यांनी मालूबायचा हात हातात घेतला.

"मावशी, केवढं यश आहे हे, आणि सगळं तुमच्यामुळे. आता कचराच नाही बघा. तुम्ही रोज कशाला दमता? फक्त शनिवारी येत जा."

मालूबाय बरं म्हणाली. ड्रमचं झाकण लावलं, नळावर हात धुतले, पदराला पुसले आणि गेटातून बाहेर पडली. त्या दिवशी मंगळवार होता.